कॅमेऱ्याचं कपाळ

नागपूरला जाऊन आल्यावर मी एक सचित्र लेख लिहिणार होते. त्याला 'विदर्भदर्शन' असं भारदस्त नावही जायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. लेख लिहायला मात्र नातवंडं व्हावी लागली, आणि आता बसले आहे तर चित्रं जवळ नाहीत. जे खरं निघालं ते नागपूरकरांकडे राहिलं, माझ्या वाट्याला एक सोडलं तर सगळी काळीठिक्कर. का, ते सांगते. लाज वाटायचं वय आता उरलेलं नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी रत्नागिरीच्या एका शाळेत मास्तरीण होते, आणि आपल्याइतकं रसिक माणूस कोकणात दुसरं नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. माझी बालमैत्रीण सुमन लग्न होऊन नागपूरला गेली होती. "दसऱ्याला ये, सासरचं गाव दाखवते," असं तिचं दर वर्षीचं बोलावणं असे. त्या वर्षी मी रजा टाकली आणि आमच्या ह्यांचा कॅमेरा मागितला.

ह्यांनी आयुष्यात एकच शौक केला, तो कॅमेऱ्याचा. कोकणची हवा तुम्हांला ठाऊक आहे. पावसाळ्यात चपलांना, पापडांना, पोथ्यांना बुरशी येते, तशी ती कॅमेऱ्याच्या भिंगालाही येते. कोळिष्टकासारखी पसरते आणि भिंग कामातून जातं. म्हणून हे कॅमेरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि सोबत तव्यावर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. ओल तांदळाने शोषायची, भिंगाने नाही. दर रविवारी तांदूळ परत भाजायचे. मग रबरी फुंकणीने फुस फुस करून धूळ उडवायची, मऊ कुंचल्याने उरलेली झटकायची आणि सर्वांत शेवटी पिवळ्या फडक्याने, मधून कडेकडे गोल गोल फिरवत, भिंग पुसायचं. "क्रम चुकला की संपलं," हे म्हणत. "धूळ न उडवता फडकं फिरवलंस, तर ती धूळच काचपेपर होते." मला हे सगळं ऐकून हसू यायचं. आमच्या घरात देव्हाऱ्यातले देव सणावारी घासले जात, कॅमेरा दर आठवड्याला.

निघताना ट्रंकेत जागा पुरेना. तेव्हा मी शांतपणे फुंकणी आणि कुंचला बाहेर काढला आणि तिथे पावडरचा डबा बसवला. तोंडावरची धूळ जास्त महत्त्वाची, नाही का?

धरमपेठ

प्रवासात काय झालं ते विचारू नका. बसले, झोपले, उतरले. पण नागपूर बघून मात्र मी चकितच झाले. एवढे रुंद रस्ते आणि त्यांवर एवढी झाडं! आमच्याकडे रस्ता म्हणजे दोन घरांनी नाइलाजाने सोडलेली फट. धरमपेठेत सुमनचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या दोन खोल्यांत मी आल्याची बातमी पोचताच शेजारच्या तीन घरांतून झाकलेल्या ताटल्या आल्या. "पाहुणी आहे म्हणता, मग घ्या ना." आमच्याकडे शेजाऱ्याच्या पाहुण्याला आपण खिडकीतून न्याहाळतो. खायला घालायचं सुचत नाही.

गळ्यात कॅमेरा अडकवून मी सारं नागपूर पालथं घातलं. संत्र्याचे ढीग, टांगे, सायकलवरून कॉलेजला जाणाऱ्या मुली, सीताबर्डीची गर्दी, काही सोडलं नाही. फोटो काढताना एक डोळा मिटून ओठांचा चंबू करायची माझी खास लकब होती. कोणी विचारलं की सांगायचे, "हे माझं शस्त्र आहे. लेखकाला लेखणी तशी." देवा रे.

सुमनचे यजमान वसंतराव सरकारी कचेरीत होते. माणूस अतिशय सभ्य. ते बरोबर फिरत, टांगा ठरवत, आणि माझ्याकडे बघत काहीतरी गिळत. शेवटी चहाच्या वेळी घसा खाकरून म्हणाले, "ताई, राग नका मानू. मी पाहून राहिलो तेव्हापासून तुम्ही फोटो घेऊन राहिल्या. पण त्याच्या तोंडावरचं टोपण काही तुम्ही काढलेलं दिसत नाही."

त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारं भिंग वेगळं. खिडकीतून सगळं नागपूर झकास दिसत होतं. भिंगाला मात्र गेले काही दिवस रात्रच होती.

सुमन पदराआड हसून फुटायला आली होती. मी म्हटलं, "ते मी मुद्दाम ठेवलंय. तुमच्याकडे ऊन फार आहे."

वसंतराव गंभीरपणे म्हणाले, "हो, ऊन तर आहे." आणि विषय बदलला. रत्नागिरीत असते तर ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचली असती. नागपूरच्या माणसाने ती चहाबरोबर पिऊन टाकली. त्या क्षणापासून हे शहर मला फार आवडायला लागलं.

छोट्या गाडीने

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इतवारी स्टेशनातून अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीत बसलो. मी, सुमन, वसंतराव आणि त्यांची वर्षभराची बेबी. बेबीच्या मुठीत रबराचा हिरवा पोपट होता. तो दाबला की चीं करायचा, आणि ती तो सतत दाबायची. गाडी इतकी निवांत की गार्डाला बाजूच्या वावरातून कोणी हाक मारली तर दोन वाक्यं बोलून होत. कुहीला उतरलो तर बैलगाडी उभी. तिला तिकडे बंडी म्हणतात. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे आपली भाताची खाचरं, लोंबी नुकती भरत आलेली, आणि त्यावरून वाहत येणारा दुधाळ वास. भात आमच्याकडेही पिकतो, पण आमची शेतं डोंगराच्या कुशीत चिंध्या जोडल्यासारखी. इथे नजर टाकावी तर ती परत यायला वेळ लागत होता.

वसंतरावांच्या आईला सगळे माय म्हणत. मीही म्हणू लागले. उंच, काटक, आवाज असा की तळ्यापलीकडच्या म्हशीने मान वळवावी. बायका तिकडे "मी जातो, मी करतो" म्हणतात. पहिल्या दिवशी मला ते गमतीचं वाटलं. मायच्या तोंडी तेच इतकं शोभत होतं की दुसऱ्या दिवशी मला माझंच "करते" मिळमिळीत वाटायला लागलं.

जेवायला गोळाभात होता. भातावर डाळीचे मसालेदार गोळे कुस्करायचे आणि वर हिंगमोहरीची कढत फोडणी ओतायची, आपण तूप घेतो तशी. शेजारी भिवापुरी मिरचीचा ठेचा.

"तिखट लागीन वं तुले," माय म्हणाली.

"छे, आम्ही खातो तिखट," मी म्हणाले, आणि बोटभर ठेचा तोंडात टाकला. पुढचा काही काळ मला कोणी काय म्हटलं ते आठवत नाही. भानावर आले तेव्हा माय माझ्या पानात गूळ वाढत होती आणि म्हणत होती, "हो, खाते ना पोरगी! किती छान खाते!" पाहुण्याची फजिती झाकायची रीत त्या घराण्यातच होती.

जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मी कॅमेरा पिवळ्या फडक्याने पुसून डब्यात ठेवत होते, आणि 'हे माझं शस्त्र आहे' हे वाक्य तिलाही ऐकवून झालं होतं. तिने तांदळाची पुरचुंडी हातात घेतली, हुंगली, पुन्हा जागच्या जागी ठेवली. मग हळूच म्हणाली, "उद्या एक फोटो काढशीन? माहा आन माह्या दादाचा."

"काढीन की. त्यात काय?"

"निघन ना पन?"

"माय, माझ्या हातून निघणार नाही तर कोणाच्या?" टोपण काढायचं असतं हे कळून दोनच दिवस झालेली बाई हे बोलत होती.

माय उठून गेल्यावर सुमनने मला सगळं सांगितलं. सुमनच्याच लग्नात झालेली गोष्ट. मुलाच्या आईने मुलाच्या मामाला कुंकू लावून, शेला देऊन मांडवात नेण्याचा मान. घाईगर्दीत सगळ्या व्याह्यांना कुंकू लागलं आणि मायचा थोरला भाऊ, महादेवमामा, उभाच राहिला. कोणाच्या लक्षात आलं नाही. तो न जेवता बंडी जुंपून गेला. तेव्हापासून बहीणभावाचा अबोला. लग्नाच्या अख्ख्या संचात मामाचा एक फोटो नाही. गावातल्या जाणत्यांनी खूप मनधरणी केल्यावर यंदा त्याने निरोप धाडला होता: सोनं द्यायला दारात येईन, पाणी पिईन, जाईन. बोलायचं कोणी सांगू नये.

"माय म्हणते, बोलला नाही तरी चालेल," सुमन म्हणाली. "निदान फोटोत तरी शेजारी बसू दे. आता त्याचं वय झालं. पुन्हा येईल, न येईल."

दसरा

सकाळी वसंतरावांबरोबर मी धान बघायला गेले. कॅमेरा घेतला नाही, मामांसाठी रीळ राखायचं म्हणून. दुपारी पुरणाचं जेवण, वर कढी आणि वडे. एवढं झाल्यावर कोकणातलं माणूस जे करतं तेच मी केलं. आडवी झाले.

दिवस कलताना बेबीच्या पोपटाने जाग आली. बाहेर बंडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. मामा आले होते. अंगणात खाट टाकलेली, तिच्यावर पांढरं धोतर, पांढरा फेटा आणि दगडासारखा चेहरा. हातात आपट्याची पानं. माय छपरीत खांबाला धरून उभी. मामा तिच्याकडे न बघता वसंतरावांना म्हणाले, "पानी आन गा." वसंतरावांनी पाणी दिलं. मायने वसंतरावांना सांगितलं, "च्या घेतीन का विचार." मामांनी वसंतरावांना सांगितलं, "नाई म्हना." बिचारे वसंतराव दोघांच्या मध्ये टपालवाले झाले होते.

मी कॅमेरा आणायला आत धावले. डबा रिकामा!

माजघरात दसऱ्याची पूजा मांडलेली होती. ओळीने नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, वजनकाटा, वसंतरावांची जुनी सायकल आणि शेवटी, स्वतंत्र पाटावर, माझा कॅमेरा. त्याच्यावर झेंडू. त्याच्या अंगावर हळद. आणि बरोबर भिंगाच्या मधोमध, ठसठशीत, रुपयाएवढं, तेलात कालवलेलं कुंकू. वर अक्षताही चिकटलेल्या.

 माय मागून आली.

"माय, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? पूजा केली. तूच तं म्हटलं, हे माहं शस्त्र व्हय. काल पायलं ना मी, त्याले पिवया फडक्यानं पुसते, संग तांदूय ठेवते, डब्यात नीट बसवते. देवावानी करते तू त्याचं. मी म्हटलं, आज दसऱ्याच्या दिशी आपनच काहून इसरावं?"

 तिने माझ्या शब्दावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता.

"पण माय, ह्यातून फोटो निघायचा नाही. हा त्याचा डोळा आहे. तुम्ही डोळ्यात कुंकू घातलंत."

मायचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. ती बाहेर खाटेकडे बघत राहिली. मामा उठायच्या बेतात होते, फेटा सारखा करत होते. वसंतराव आत डोकावले, एका नजरेत समजले आणि धोतराचा सोगा धरून कॅमेऱ्याकडे झेपावले.

"थांबा!" मी ओरडले. "घासू नका, ओरखडे पडतील!"

आमच्या ह्यांचा आवाज माझ्या गळ्यातून निघाला. ज्याला मी इतकी वर्षं हसले, तो क्रम मला पाठ होता. आधी फुंक. पण फुंकणी कुठे होती? रत्नागिरीला, कपाटात. पावडरचा डबा मात्र व्यवस्थित बरोबर होता.

"पोपट!" मी म्हटलं. सुमनला वाटलं माझं डोकं फिरलं. मी बेबीच्या मुठीतून पोपट ओढला, बेबीने भोकाड पसरलं. आता कॅमेरा उचलणार, तर मायने माझा हात धरला.

"पुजलेलं हत्यार आजच्या दिशी उचलाचं नसते. नांगर नाई, इया नाई. उद्या सकायी हालवाचं."

 मामांचा बैलांना दिलेला आवाज ऐकू आला. मायने क्षणभर डोळे मिटले. मग चिमूटभर अक्षता घेऊन कॅमेऱ्यावर टाकल्या, त्याला बोटाने थोडंसं सरकवलं आणि म्हणाली, "देवा, तुलेच एकट्याले आज काम सांगून राहिलो. बाकीच्यायले नाई. राग नको मानू." आणि माझ्याकडे वळून, "उचल. वसंता, मामाले बसव!"

मी कॅमेरा पालथा धरला, तांदूळ खाली पडले. मग पोपट भिंगाजवळ नेऊन दाबला. चीं! कुंकवाची कोरडी कड उडाली. चीं! चीं! हळद उडाली. उरला तेलाचा डाग. तेलाला स्पिरिट हवं. ते बेबीच्या दुधाच्या स्टोव्हसाठी सुमनने बाटलीतून आणलं होतं. आणि फडकं? पिवळ्या फडक्याला त्या सकाळी मायने कॅमेरा पुसताना हळद लावून ठेवली होती.

"कापूस पाह्यजे? मऊ?" माय म्हणाली. देवळीतून तिने एक पितळी डबी काढली. आत फुलवातींचा कापूस. सरकी हाताने वेचून काढलेला, असा हलका की डबी उघडताच उसासल्यासारखा वर आला. "दादाच्या वावरातला हाय. वसंताच्या लग्नाच्या आंदीचा. सनासुदीलेच काढतो." तिने तो मुळीच मोजून काढला नाही. मूठभर काढून काडीला वळला, वात वळावी तसा, आणि टोकाला फूल सोडलं. ह्यांच्या मुंबईहून मागवलेल्या सामानात असली नाजूक वस्तू मी पाहिलेली नाही.

स्पिरिट थेंबभर, तेही कापसावर, काचेवर नाही. मधून कडेकडे, गोल. एक वात लाल झाली की माय दुसरी पुढे करत होती.  भिंगावर शेवटी पुसटशी लाली उरली. त्यावर मी श्वास सोडला, कोरडी वात फिरवली, आणि पुन्हा पोपट. चीं!

बाहेरून मामांचा आवाज आला. "काय पिपानी वाजवून राहिले गा वसंता आत?"

वसंतरावांनी सांगितलं. काय सांगावं, किती सांगावं, याचा विचार न करता, सगळं.  मग खाट करकरली, आणि हसण्याचा असा गडगडाट झाला की बेबी रडायची थांबली. मामा छपरीच्या पायरीवर येऊन उभे राहिले. डोळ्यांतून पाणी.

"काहून वं गंगे! डोयाले कुकू लावते काय कोनी?"

माय तिथल्या तिथे थबकली. मग तिचा आवाज फुटला. "मंग कपाय कुठं हाय त्याले? दाखव! सारा डोयाच तं हाय मेल्याले!"

"हे वरचं काय हाय मंग?"

"थे डोस्कं व्हय! डोस्क्याले कुकू लावू?"

सुमनने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की वळ उठला. दोघं बोलत होते.  कॅमेऱ्याला कपाळ असतं का, असलं तर कुठे, यावर दोन म्हातारी माणसं छपरीत हातवारे करून भांडत होती, आणि आपण बोलतोय हे दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

आणि मग मामांच्या लक्षात आलं. त्यांचं हसू मावळलं. आवाज एकदम खाली आला.

"त्या डब्ब्याले कपाय सापडत नव्हतं तरी तुवा लावलं," ते म्हणाले. "मले तं कपाय होतं. समोर उभा होतो."

 माय आत गेली. मला वाटलं, संपलं. ती पूजेचं तबक घेऊन परत आली.

"खाली हो," ती म्हणाली. "उंच हाय तू."

मामा एक पायरी उतरले. मायने फेटा किंचित मागे सारला आणि तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं. 

मी कॅमेरा डोळ्याला लावला. टोपण काढलंय ना, ते आधी बोटाने चाचपून पाहिलं. उजेड इतका कमी होता की भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. "हलू नका" असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला गप्प बसायचं सुचलं. खटका दाबला.

त्यानंतर अर्थात माझ्यातली मास्तरीण जागी झाली. दोघांना खाटेवर शेजारी बसवलं, हात मांडीवर, मान ताठ, इकडे बघा, असं करून दुसरा, अगदी शास्त्रशुद्ध फोटो घेतला. मामा त्या संध्याकाळी गेलेच नाहीत. बैल सोडले, पुरण जेवले, आणि माझ्या पानाकडे बघत म्हणाले, "हे कोकनातली पोरगी ठेचा खाते म्हन्तेत!"

पुन्हा धरमपेठ

रीळ नागपुरातल्याच एका स्टुडिओत धुऊन घेतलं. सीताबर्डी, टांगे, संत्री, कॉलेजच्या मुली, सगळं कोळशासारखं काळं. शेवटचे दोनच फोटो निघाले.

मी निघायच्या दिवशी माय मुद्दाम आली. मिरच्यांचं गाठोडं, तांदळाची पिशवी आणि "तुह्या मिस्टरच्या डब्ब्यासाठी" म्हणून फुलवातींच्या कापसाची एक नवी डबी. मी तिला अभिमानाने दुसरा फोटो दिला. दोघंही सुबक, रेखीव, भिंतीवर लावावे असे. पहिला मी लपवूनच ठेवला होता. त्यात मायचा हात म्हणजे नुसता पांढुरका फराटा आला होता, आणि दोघांपैकी एकाचंही तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं. पण सुमनने तो दाखवलाच.

माय खिडकीशी गेली. फोटो उजेडात धरून खूप वेळ बघत राहिली. मग चांगला फोटो तिने माझ्या हातात परत दिला आणि हा पहिला पदराखाली घेतला.

"माय, तो नका घेऊ," मी म्हणाले. "तो बिघडलाय. त्यात तुमचा हात हलला."

"हालला नाई वं पोरी," माय म्हणाली. "लावून राहिलो ना मी कुकू."